लोटलीची मीराबाई: गवंडी बाबांना घेऊन बिग फूट बघितलं

आम्ही गोव्यातल्या शिरोड्याचे. बोरीचा पूल ओलांडला की पलीकडे लोटली, गाडीने फार तर अर्धा तास, आणि तरीपण माझ्या बाबांनी वयाच्या ७१ व्या वर्षापर्यंत तिथलं बिग फूट, म्हणजे जुन्या गोव्याचं मॉडेल गाव असलेलं म्युझियम, बघितलं नव्हतं. शाळेच्या सहली तिथे जातात, माझा मुलगा जाऊन आलाय, मी कॉलेजात असताना गेले होते, मुंबईचे पाहुणे आले की त्यांना आपण हौसेने नेतो, पण घरच्या माणसाला कोण नेतो सांगा. मे महिन्यातला रविवार, भावाची गाडी मोकळी होती, म्हटलं बाबा चला, चिऱ्यात (जांभ्या दगडात) कोरलेली मीराबाई दाखवते. बाबा गवंडी. बेचाळीस वर्षं हातात थापी आणि ओळंबा. म्युझियमला जाऊया म्हटलं असतं तर पेपर उघडून बसले असते, चिऱ्यातलं काम म्हटल्यावर पाच मिनिटांत शर्ट बदलून अंगणात हजर.

म्हणून हा रिव्ह्यू थोडा वेगळा होणार आहे. फोटो कुठे छान येतात वगैरे बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय. मी बाबांच्या मागून चालत होते आणि ते जिथे थांबले तिथे थांबत होते, तेच लिहिते.

आधी जागेबद्दल थोडक्यात. खरं नाव अ‍ॅन्सेस्ट्रल गोवा, पण बिग फूट म्हटल्याशिवाय कोणाला कळत नाही. महेंद्र आल्वारिस या कलाकाराने १९९५ मध्ये हे लोकांसाठी उघडलं, एका माणसाच्या डोक्यातून आणि हिमतीतून उभं राहिलेलं काम आहे हे. समोरच त्यांच्या घराण्याचा अडीचशे वर्षांचा वाडा. बिग फूट नाव पडलं ते आत कातळावर मोठ्या पावलाचा ठसा आहे त्यावरून. गोष्ट अशी सांगतात की महादर नावाचा श्रीमंत, दानशूर भाटकार (जमीनदार) होता, लोकांनी त्याला फसवून सगळं लुबाडलं, मग त्याने देवाकडे फक्त एक पाय ठेवून उभं राहण्याएवढी जागा मागितली आणि तिथे एका पायावर उभा राहून प्रार्थना करत राहिला, त्याच्या पावलाचा हा ठसा. माझा मुलगा पळतच जाऊन त्यावर पाय ठेवून उभा राहिला. बाबांनी चप्पल काढून हात जोडले आणि पुढे गेले.

मॉडेल गावाबद्दल मी जास्त लिहीत नाही. शंभर वर्षांपूर्वीचा गोवा कसा होता ते घरं आणि पुतळे करून दाखवलंय, कोळ्याचं घर, दारू गाळायची भट्टी, बाजार, भाटकारणीचं मोठं घर. मुलांना हे खूप आवडतं आणि मुलांना न्यायचं असेल तर मुख्य कारण हेच, माझ्या मुलाने आजोबांना प्रत्येक घरापाशी उभं करून "हे तुमच्या वेळी होतं?" असं विचारून भंडावून सोडलं आणि आजोबांनीपण सगळ्याची उत्तरं दिली, भट्टीपाशी तर दहा मिनिटं काजूची बोंडं मळण्यापासून सगळं सांगितलं. माझं स्वतःचं मन मात्र तिथून कधी एकदा मीराबाईपाशी जातोय असं झालं होतं.

तर मीराबाई.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते, ही उभी मूर्ती नाही. जमिनीतलाच कातळ कोरून आडवी काढलेली आहे. १४ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद, म्हणजे बाबांच्या हिशोबात ४६ फूट बाय १६ फूट, आमचं जुनं घर साधारण एवढंच होतं. आल्वारिसांनी ती १९९४ मध्ये ३० दिवसांत कोरली आणि लिम्का बुकमध्ये तिची नोंद झाली. हे सगळं मी गाडीतच बाबांना सांगितलं होतं आणि त्यांनी ३० दिवसांवर विश्वास ठेवला नव्हता. मुलाला म्हणाले, तुझ्या आईने कुठेतरी चुकीचं वाचलंय.

तिथे पोचल्यावर बाबा काहीच बोलले नाहीत. लोक येत होते, सेल्फी काढत होते, "वॉव" म्हणत होते, दोन मिनिटांत जात होते. बाबा एका जागी उभे राहून बघत होते, मग चार पावलं सरकून परत, मग खाली बसून. पूर्वी भिंत ओळंब्यात आहे का बघायचे तेव्हा एक डोळा बारीक करायचे, तसा डोळा बारीक केलेला. बराच वेळ गेल्यावर म्हणाले, "चिऱ्यांत नाक काडप म्हणल्यार फकाणां न्हय गो." म्हणजे चिऱ्यात नाक काढणं ही थट्टा नव्हे.

हे वाक्य समजून घ्यायचं तर चिरा समजायला हवा, आणि आपण गोव्यातली माणसं चिऱ्याच्या घरात जन्मतो पण चिऱ्याकडे नीट बघत नाही. बाबांनी तिथे कट्ट्यावर बसून मुलाला समजावलं ते मी जमेल तसं लिहिते. चिरा म्हणजे जांभा दगड, इंग्रजीत लॅटराइट, हे नाव १८०७ मध्ये बुकॅनन नावाच्या स्कॉटिश माणसाने केरळात दिलं कारण तिथले लोक तो दगड विटेसारखा कापून घरं बांधत होते आणि लॅटिनमध्ये विटेला लेटर म्हणतात (हे मी सांगितलं, बाबांनी नाही). त्यात लोह असतं म्हणून तो लाल. खाणीतून नवा काढला की मऊ असतो, टिकावाने कापता येतो, आणि मग उघड्यावर ऊन-वारा खात पडला की घट्ट होत जातो, पावसात काळा पडतो. म्हणून भिंतीला चिऱ्यासारखा दगड नाही. पण कोरीव कामाला तो वैरी आहे. सगळीकडे भोकं. काही भोकांत माती, काही पोकळ, आणि कुठे कडक गाठ निघेल आणि कुठे भुसभुशीत ते वरून कळत नाही. काळ्या दगडात शिल्पकार बारीक रेघ ओढू शकतो, दागिन्याचा मणीन् मणी काढू शकतो, चिऱ्याची मात्र धारच राहत नाही, कोपरा केला की कोपरा झडतो. जुन्या देवळांतसुद्धा चिऱ्याच्या भिंतीवर चुन्याचा गिलावा करून मग नक्षी गिलाव्यात काढायचे, ती याच कारणाने.

आता अशा दगडात चेहरा काढायचा. नाकाच्या शेंड्यावर एखादं मोठं भोक निघालं तर संपलं, कारण कातळ जमिनीचाच आहे, दुसरा चिरा आणून बसवता येत नाही, तुटलेलं परत लावता येत नाही. आणि मूर्ती एवढी मोठी की काम करणारा माणूस तिच्या अंगावरच बसलेला, त्याला डोळ्यासमोर फक्त हातभर लाल दगड दिसणार, गाल कुठे आणि हनुवटी कुठे हे सगळं डोक्यात धरून काम करायचं. बाबा म्हणाले भिंत बांधताना दोरी असते, ओळंबा असतो, गुण्या असतो, इथे काय होतं? मग स्वतःच म्हणाले, त्याला आधीच दिसत असणार.

तीस दिवसांबद्दल परत काही बोलले नाहीत. घरी येताना गाडीत मात्र म्हणाले की तो माणूस त्या महिन्यात झोपला नसणार.

मला तिथे उभं असताना दुसरंच आठवत होतं, उसगाळीमळ. सांगे भागात कुशावती नदीच्या काठावर जो कातळ आहे त्यावर हजारो वर्षांपूर्वीची चित्रं कोरलेली आहेत, बैल, हरणं, नाचणारी बाई, ते गोल गोल चक्रव्यूहासारखं चिन्ह, शंभरावर आकृत्या, आणि ती सगळी आडवी, जमिनीवर. गावातल्या लोकांना माहीत होतीच, बाहेरच्या जगाला १९९३ मध्ये कळली. मीराबाई १९९४ ची. या दोघांचा एकमेकांशी संबंध आहे असं मी म्हणत नाहीये, पण ज्याने कोणी कुशावतीच्या काठावर पहिला बैल कोरला त्याला कोणी शाळेत शिकवलं नव्हतं, त्यालापण हाच भोकांचा दगड मिळाला होता आणि त्याने दगडाशी भांडण न करता ठळक, जाड रेघ काढली, कारण चिऱ्यात तीच टिकते. लोटलीलापण तसंच वाटतं मला. वस्त्राच्या चुण्या बघा, नाजूक करायचा हट्टच नाही. म्हणून ३० वर्षांचे पाऊस खाऊनसुद्धा ती अजून मीराबाई दिसते. आपल्या कोकणाच्या कातळावर आडवं काम शोभतं, आणि जे लोक बिग फूट बघून उसगाळीमळ न बघता परत जातात त्यांनी अर्धंच बघितलं असं माझं मत आहे.

बाबांना या कामाची गोडी कशी लागली तेपण सांगायला हवं, नाहीतर वाटेल सगळेच गवंडी असे असतात. २०१९ च्या डिसेंबरात आम्ही ग्रुप टूरने उत्तरेला गेलो होतो. मडगावहून गोवा संपर्क क्रांती थेट चंदीगडपर्यंत जाते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, माझ्या आईवडलांना घेऊन जायला त्यासारखी गाडी नाही, सामान एकदा चढवलं की झालं. टूरवाल्यांचं नाव मी घेत नाही, जेवण आणि हॉटेलं चांगली होती, पण चंदीगडच्या रॉक गार्डनला, म्हणजे नेकचंदने टाकाऊ वस्तूंतून केलेल्या बागेला, त्यांनी पंचेचाळीस मिनिटं दिली आणि त्याच्यानंतर शॉपिंगला अडीच तास. आजपण आठवलं की राग येतो. बाबा तेव्हा पहिल्यांदा, आयुष्यात पहिल्यांदा, ग्रुपला सोडून मागे राहिले. सगळे बसमध्ये बसले, हे नाहीत. मी शोधत परत आत गेले तर एका भिंतीपाशी हात लावून उभे. ती भिंत कशाची, तर डांबराच्या रिकाम्या ड्रमांची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नेकचंद सैनी हा माणूस फाळणीत आताच्या पाकिस्तानातलं गाव सोडून इकडे आला आणि चंदीगडला पीडब्ल्यूडीत रोड इन्स्पेक्टर म्हणून लागला. रस्त्याची देखरेख करणारा साधा नोकरदार. तिकडे ल कॉर्बुझिए या परदेशी वास्तुविशारदाच्या नकाशावर नवं शहर उभं राहत होतं, त्यासाठी जुनी गावं मोडली होती, आणि त्या गावांचा सगळा मोडका संसार ढिगाऱ्यात पडलेला, कौलं, फुटक्या बरण्या, बांगड्या, सिंक, प्लग, सायकलींचे सांगाडे. १९५७ पासून हा माणूस नोकरी सुटली की ते गोळा करून सायकलवरून जंगलातल्या एका घळीत न्यायचा, सुखना तलावाच्या बाजूला, जिथे बांधकामाला बंदी होती, आणि रात्री काम करायचा. शिवालिकच्या पायथ्याशी नद्यांतून मनासारखे आकार असलेले दगड वेचून आणायचा. अठरा वर्षं कोणाला पत्ता नाही. १९७५ च्या सुमारास सरकारला कळलं तेव्हा ते बेकायदाच होतं, पाडायची भाषा झाली, पण समजूतदार माणसंपण होती, आणि १९७६ मध्ये ते लोकांसाठी उघडलं, त्यालाच तिथली जबाबदारी, पगार आणि पन्नासेक मजूर दिले. १९८४ मध्ये पद्मश्री. १९९० च्या सुमारास एकदा बुलडोझर आले तर शहरातली माणसं साखळी करून उभी राहिली. २०१५ मध्ये तो गेला. आणि परवा परवा, २०२५ मध्ये, शेजारच्या हायकोर्टाच्या पार्किंगसाठी बागेच्या भिंतीचा एक भाग पाडला, ते बातम्यांत बघून बाबा दिवसभर अस्वस्थ होते.

तर ड्रमांची भिंत. बाबांना त्या भिंतीपाशी काय कळलं ते त्यांनी मला बसमध्ये परत येता येता सांगितलं आणि मी ते विसरू शकत नाही. रस्त्याच्या कामावर डांबराचा ड्रम रिकामा झाला की तो कुणाच्याच कामाचा नसतो, जाऊन पडतो रस्त्याकडेला. रोड इन्स्पेक्टर तो रोज बघतो. किती जाड पत्रा, किती वर्षांत गंजणार, आत काँक्रीट भरलं तर काय होणार, हे त्याला कोणा इंजिनिअरने शिकवायची गरज नाही. बाबा म्हणाले, "हो आमचोच मनीस. हाका सगळें कळटालें." (हा आपलाच माणूस, याला सगळं कळत होतं.) लोक नेकचंदला न शिकलेला म्हणतात, बाबांना तो पक्का शिकलेला माणूस दिसला, फक्त त्याची शाळा रस्त्यावर होती. आणि तिथे दारं बघा, मुद्दाम बुटकी ठेवलेली आहेत, आत जायचं तर वाकूनच. बाबा सहा फुटी, प्रत्येक दाराला वाकत होते आणि एकदाही कुरकुर नाही, आमच्या घराच्या मागच्या दाराला डोकं आपटलं की किती बोलतात ते मला माहीत आहे.

बांगड्यांच्या बायका मात्र आईने शोधल्या. रांगेत उभ्या पुतळ्यांच्या अंगावर फुटक्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे, लाल हिरवे निळे, ऊन पडलं की ओलं नेसूचं अंगाला चिकटल्यासारखं दिसतं. आई म्हणाली एवढ्या बांगड्या फुटायला किती घरं लागली असतील. त्यानंतर ती त्या पुतळ्यांपासून हलेना, आणि बस हॉर्न मारतेय.

गोव्याला परत आल्यावर मी बाबांना मोबाइलवर असे बाकीचे लोक शोधून दाखवायला लागले, संध्याकाळी सोप्यावर बसून, तो आमचा नेमच झाला. फ्रान्समध्ये ओतरीव नावाच्या गावात फर्दिनां शव्हाल नावाचा पोस्टमन होता. १८७९ मध्ये टपाल वाटताना एका दगडाला पाय अडखळला, दगडाचा आकार एवढा विचित्र की त्याने तो खिशात घातला, दुसऱ्या दिवशी परत तिथे गेला तर अजून सापडले. मग ३३ वर्षं, १९१२ पर्यंत, एकटा आपला महाल बांधत बसला, नोकरी होती तोवर रोजचा पंचवीस-तीस किलोमीटरचा टपालाचा रस्ता चालून झाल्यावर. आधी खिशात, मग टोपलीत, मग एकचाकी ढकलगाडीत दगड. महालाची एक बाजू २६ मीटर लांब आहे. मरणानंतर आपल्याला तिथेच पुरावं अशी इच्छा होती, परवानगी मिळाली नाही, तर सत्तरी ओलांडलेल्या माणसाने गावच्या दफनभूमीत स्वतःची समाधी बांधायला घेतली, आठ वर्षं लागली, १९२२ मध्ये झाली आणि १९२४ मध्ये तो वारला. बाबांना महालापेक्षा ती ढकलगाडी आवडली. फोटो मोठा करून करून चाकाचा आस बघत होते.

आणि लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातले मनोरे. सायमन रोडिया, इटलीहून आलेला, लाद्या बसवणारा कामगार. १९२१ ते १९५४. घरामागच्या छोट्या जागेत सळ्या वाकवून, त्यावर जाळी गुंडाळून, सिमेंट थापून, वर फुटक्या लाद्या, शिंपले आणि बाटल्यांच्या काचा दाबून एकट्याने मनोरे उभे केले, सगळ्यात उंच जवळजवळ ३० मीटर. परांची नाही, वेल्डिंग नाही. तो जागा सोडून निघून गेल्यावर नगरपालिकेने धोकादायक म्हणून पाडायचा हुकूम काढला, तेव्हा मनोऱ्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या लोकांनी १९५९ मध्ये परीक्षा मागितली, क्रेनने साडेचार टनांच्या आसपास ताण दिला, शेवटी क्रेनलाच झेपेना आणि मनोरे होते तिथेच. हे ऐकून बाबा एवढे खूश झाले की शेजारच्या काकांना हाक मारून परत सगळं माझ्याकडून सांगून घेतलं. मग समजावून सांगितलं की असं का, लादीवाल्याला मसाला किती ओला ठेवायचा आणि दिवसाला किती उंच जायचं हे बोटांना माहीत असतं, नकाशावाल्याला ते कागदावर करून बघावं लागतं.

हे सगळं डोक्यात असलेला माणूस लोटलीला मीराबाईसमोर उभा होता, म्हणून मला तो रविवार एवढा मोठा वाटतो.

आमच्या अंगणात एक वृंदावन आहे. मी दहावीला होते त्या वर्षी बाबांनी बांधलं. जुनं वृंदावन पावसात कललं होतं, पैसे नव्हते, तर बाबांनी कामावरून उरलेले लादीचे तुकडे थोडे थोडे पिशवीतून आणले आणि आईच्या लग्नातला चहाचा सेट, ज्यातले चार कप आधीच फुटलेले होते, तो तिला विचारून पूर्ण फोडला. खालच्या पट्टीला कपांच्या कानांची वेल केलीय, एक कान वर, एक खाली, एक वर, एक खाली, आणि मधल्या बाजूला बशीचं गुलाबाचं फूल अख्खं ठेवलंय, ते त्यांनी फोडलं नाही. तुळशीच्या लग्नाला वाड्यावरच्या बायका अजून त्या गुलाबाला कुंकू लावतात. मी इतकी वर्षं रोज त्यावर पाणी घातलं आणि कधी बाबांना विचारलं नाही की वेल कशी सुचली. लोटलीहून परत आल्यावर विचारलं. म्हणाले, कान फेकवेना.

असं गोव्यात किती असेल विचार करा. माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळाफुलांची चौकट) बांधणारे आपले काका-मामा, चवथीच्या आधी दोन दिवस रानात हिंडून नावंसुद्धा माहीत नसलेली फळं आणणारे, त्यांच्याकडून गरुड, शंख, अख्खा गणपती फळाफुलांत उभा राहतो आणि पाच दिवसांत उतरतो. दिवाळीत नरकासुराचे पुतळे करणारी पोरं, लाकडाचा सांगाडा, गवत, कागद, कोणाची डिग्री नाही. शिगम्याचे (आपल्या होळीच्या सणाचे) चित्ररथ. आपण हे बघतो, टाळ्या वाजवतो, व्हिडिओ काढतो, आणि कोणी केलं ते विचारत नाही. लोटलीला निदान करणाऱ्याचं नाव आहे, जागा आहे, येऊन बघता येतं, म्हणून तरी जा.

आता जाणाऱ्यांसाठी कामाचं. सकाळी लवकर जा, मे महिन्यात तर नक्कीच, चढउतार आणि पायऱ्या आहेत आणि कातळ तापतो, आमच्यासारखे अकराला पोचू नका. दुपारच्या उन्हात सावल्या नाहीशा होतात आणि मीराबाई सपाट दिसते, ऊन तिरपं असेल तेव्हा चेहरा उठून दिसतो, बाबांनी हे बघता क्षणी सांगितलं आणि साडेतीननंतर परत एकदा बघायला लावलं, फरक खरंच दिसतो. चपला घट्ट पट्ट्याच्या घाला. वयस्कर माणसांना घेऊन गेलात तर पाण्याची बाटली आणि वेळ दोन्ही जास्त ठेवा, दोन तास तरी. लहान मुलांना आधी गाव दाखवा, ती रमली की तुम्ही निवांत मीराबाईपाशी बसा. जेवायचं आम्ही जवळच्या रस्त्यावर एका ठिकाणी जेवलो, नाव लिहीत नाही, थाळीला पाऊण तास लागला आणि सुंगटाची (कोळंबीची) कढी गार होती, पण सोलकढी चांगली होती. परत गेले तर घरून डबा नेईन. लोटलीची जुनी घरं रस्त्यावरून जाता जाता बघायला विसरू नका, बलकांवपुढे (घरापुढचा बसायचा कट्टा असलेला व्हरांडा) गाडी हळू करा, फक्त लोकांच्या गेटात शिरू नका.

मी पाचपैकी पाच देते. बाबांना विचारलं किती द्यायचे तर त्यांनी उत्तर दिलं नाही, ते दुसऱ्याच विचारात होते. निघताना परत एकदा मूर्तीच्या कडेने चालत गेले, चारही बाजूंनी, खाली वाकून बघत. मला वाटलं काही पडलं का. जवळ गेले तर म्हणाले, "पावसाचें उदक खंय वता?" (पावसाचं पाणी कुठे जातं?) आडवी मूर्ती, खोल चुण्या, आपल्याकडचा पाऊस, पाणी साचलं तर दगड खाणार, शेवाळ धरणार, एवढी वर्षं टिकली म्हणजे करणाऱ्याने उतार काढलाच असणार, पण कोणत्या बाजूला, ते त्यांना कोरड्या दगडावर बघून पटत नव्हतं. मुलाच्या बाटलीत घोटभर पाणी उरलं होतं तेवढ्यावर डोळा गेला त्यांचा, पण मग स्वतःच नको म्हणाले.

आषाढात पहिला मोठा पाऊस लागला की परत जायचं ठरलंय. छत्र्या काढून ठेवल्यात.